चिक्क्या फार खातो असं मी म्हणालो, त्याबद्दल

श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न

श्रीमान विरुपाक्षप्पा यांना महेश्वरचे शरणु शरणार्थी. इकडे सर्व क्षेम आहे. (नाही. पण पहिल्या ओळीत तसं लिहायची रीत आहे.) आपली प्रकृती, आपल्या डाव्या गुडघ्याची प्रकृती, चि. सिद्धेश्वरीची आणि तिच्या सासरच्या थोरामोठ्यांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. मोडनिंबचं पाणी आपल्याला मानवलं का? चिक्क्याला मानवलं का? मी आपल्याला 'आपण' म्हणतोय याचं नवल वाटेल, कारण चड्डीला नाडी बांधता येत नव्हती तेव्हापासून आपण एकमेकांना अरे-तुरे करत आलोय. पण भांडण झाल्यावर माणसानं पायरी सांभाळून बोलावं, असं माझं मत आहे. घरात शांतम्मालाही मी ते सांगितलं. ती म्हणाली, ही पायरी कट्ट्यावर सांभाळली असती तर आज कागद काळे करायची पाळी आली नसती. तिला पत्रव्यवहारातलं काही कळत नाही.

पत्र लिहितोय ते आपण फोन उचलत नाही म्हणून. शांतम्माच्या फोनवरून केला तर उचललात, माझा आवाज ऐकलात आणि ठेवून दिलात. व्हॉट्सॲपवर पाखऱ्याचा फोटो पाठवला, त्याखाली निळ्या खुणा आल्या, म्हणजे पाहिलात. उत्तर काही नाही. माझ्यावर राग असेल, बैलावर कसला राग? निदान जोडलेले दोन हात तरी पाठवावेत की माणसानं. शेवटी पोस्टात गेलो आणि पाकीट मागितलं, तर तिथला पोरगेला माणूस माझ्याकडं बघतच राहिला, मी जणू रेशनचं रॉकेल मागितलं. असो. फोन ठेवता येतो, पण पत्र उघडावंच लागतं, आणि उघडलं की आपण ते वाचणार हे मला पक्कं ठाऊक आहे. आपण भज्याच्या पुडीचा कागदसुद्धा तेल पुसून वाचता.

आपल्यानंतर हे पत्र आपले जावई श्रीशैलराव वाचणार हे धरून चाललोय. त्यांचं आडतीचं दुकान, त्यांना बैलांतलं काय कळणार, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी जादा. श्रीशैलराव, ज्याच्याकडं एकच बैल असतो तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जमवून घेतो. दोघांची मिळून जोडी होते आणि दोघांची रानं त्याच जोडीवर निघतात. याला वारंगुळा म्हणतात. आमचा पाखऱ्या आणि तुमच्या सासऱ्यांचा चिक्क्या ही ती जोडी. (कानडीत चिक्क म्हणजे लहान. तो लहान असताना ठेवलेलं नाव. पुढं तो गोठ्याच्या दारात मावेनासा झाला, पण तोवर नाव अंगाला चिकटलं होतं.) एक महिना दोघं आमच्या गोठ्यात, एक महिना तुमच्या सासऱ्यांच्या. ज्याच्या गोठ्यात बैल, त्याचा कडबा. गावात ट्रॅक्टर आले, निम्म्या दावणी मोकळ्या झाल्या, तरी जोंधळ्याच्या कोळपणीला आमची जोडी लागायचीच. गावानं आमची नावंही जोडीनंच घेतली. महेश्वर-विरुपाक्ष. मला एकट्याला कुणी लग्नाची पत्रिका दिल्याचं आठवत नाही. हे सगळं मी कसं मोडलं, ते पुढं येतं.

तर वैशाखात सोलापूरला पशुपालनाचं शिबिर होतं. मी आणि पिकअपवाला सिद्धप्पा गेलो. तुझा गुडघा धरला होता म्हणून तू आला नाहीस. (आला नाहीत. चुकलो.) तू आला असतास तर हे काही घडलं नसतं, म्हणजे बारकाईनं पाहिलं तर या सगळ्याचं मूळ तुझ्या गुडघ्यात आहे, पण ते मी आज काढत नाही. (आणि ते 'आपण' आता मी सोडून देतोय. हात दुखतो.) तिथं एक तरुण डॉक्टरबाई होत्या, बोलणं एकदम मुद्देसूद. त्या म्हणाल्या, दोन जनावरं घ्या, अंगानं सारखी, कामाला सारखी, पण एक दुसऱ्यापेक्षा कमी खाऊन तेवढंच अंग धरतं. याला खाद्य कार्यक्षमता म्हणायचं. परदेशात मांसासाठी गुरं पाळतात, तिथं याचा लई अभ्यास झालाय. प्रत्येकाच्या कानात बिल्ला, आणि गव्हाणच टिपून ठेवते की कोण कधी आलं, किती वेळ तोंड घातलं, कोण घाईनं खातं, कोण शेजाऱ्याला ढकलून खातं, आणि कोण बिचारं सगळ्यांचं झाल्यावर येतं. भिंतीवर चित्रं दाखवत होत्या. मी अगदी भारावून गेलो बघ. अशी गव्हाण आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीत बसवली तर किती घराणी उघडी पडतील, हे मनात येऊन मी मोठ्यानं हसलो आणि सिद्धप्पानं मला कोपर मारलं.

बाईंची काही चूक नाही, हे मी स्पष्ट लिहितो. चूक जेवणाची. दुपारी शेंगापोळी होती, वर तूप. मी ती किती खाल्ली हे सांगत नाही, माझी कार्यक्षमता कुणी काढायला नको. जेवण झाल्यावर डोळे जड झाले, आणि मला वाटलं की जे कळायचं ते कळलंय, आता उरलेल्या दिवसात ह्या तेच परत सांगणार. सिद्धप्पा आत गेला आणि मी एस.टी. स्टँडवर गेलो. शिबिराच्या दुसऱ्या अर्ध्यात काय झालं ते मला पुढं आषाढात कळलं.

घरी आल्यावर मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण कसं केलं ते माहीत नाही. तो आमच्या गोठ्याचा महिना होता. मी गव्हाणीच्या मधोमध फळी ठोकली, चांगली छातीएवढी उंच, जुन्या दाराची. या बाजूला पाखऱ्या, त्या बाजूला चिक्क्या. प्रभुच्या दुकानातून ताणकाटा आणला. सकाळी दोघांना सारखा कडबा मोजून टाकायचा, संध्याकाळी उरलेलं चघळ मोजायचं. चिक्क्याच्या बाजूला काही मोजायला उरायचंच नाही. तो पाला खायचा, कांड्या खायचा, खाली सांडलेलं चाटायचा आणि मग फळीला नाक लावून उभा राहायचा. पाखऱ्याच्या बाजूला निम्मं शिल्लक. माझी छाती अशी फुगली म्हणतोस! मी त्या दोघांच्याही छातीला सुतळी लावून बघितली, घेर जवळजवळ सारखा. म्हणजे माझा बैल निम्म्यात तेवढंच अंग धरतो आणि तुझा बैल माझी कडब्याची गंज संपवतो. बाईंनी सांगितलेलं सगळं माझ्या गोठ्यात खरं झालं. (सुतळी मधेच कुठं गेली ते कळेना. शांतम्मानं पडवळाच्या वेलाला बांधली होती. त्यामुळं पुढचे घेर मी अंदाजानं धरले.)

हे मी तुला घरात बोलावून, चहा देऊन, हळू सांगायला हवं होतं. मला तेव्हाही कळत होतं. पण त्या संध्याकाळी मठासमोरच्या कट्ट्यावर सगळे बसले होते, विषय निघाला शिबिराचा, सगळ्यांचे कान माझ्याकडं, आणि मला गप्प बसवेना. मी कार्यक्षमता समजावून सांगितली. लोकांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी म्हणालं, आपल्यातलं उदाहरण द्या की. आणि मी तुझ्या तोंडावर म्हणालो, चिक्क्या फार खातो, विरुपाक्षनं पुढच्या महिन्यापासून आपला जादा कडबा घालावा. लोक हसले. ट्रॅक्टरवाला बसू लई हसला. तू हसला नाहीस. तू टॉवेल झटकलास, खांद्यावर टाकलास आणि उठलास. मला वाटलं घरी निघालास. तू गेलास आमच्या गोठ्यात. शांतम्मानं चहा पुढं केला, तो तू घेतला नाहीस, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. चिक्क्याचं दावं सोडलंस, ती फळी तेवढी एकदा हातानं चाचपून पाहिलीस आणि निघालास. तो चहा ओट्यावर साय धरून पडला होता. मी आल्यावर शांतम्मानं मला तो कप दाखवला.

तरी मला वाटलं, माणूस तापलाय, दोन दिवसांत निवेल. तर तू टेम्पो केलास आणि चिक्क्याला घेऊन थेट मोडनिंबला, लेकीच्या घरी! विरुपाक्ष, रागावून बायका माहेरी जातात हे ऐकलं होतं. बैल घेऊन जावयाच्या दारात राहायला गेलेला सासरा आपल्या सगळ्या पावण्यारावळ्यांत तू पहिला. लेकीच्या घरचं पाणी प्यायला तू एकेकाळी लाजायचास, बाटली घरून न्यायचास. आणि आता जावयाच्या अंगणात शेणाचा पो पडतोय! (श्रीशैलराव, हे मनावर घेऊ नका. तुमची बाजू मला समजते.) हे लिहिताना मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. कारण तुला एवढं लांब जावंसं वाटलं ते माझ्यामुळं, आणि जायला दुसरं घरही नव्हतं.

लगेच कारहुणवी आली. (श्रीशैलराव, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, ज्येष्ठाच्या पुनवेचा.) तू नसताना आलेली ही माझी पहिली कारहुणवी. सगळ्या गावच्या जोड्या शिंगं रंगवून, झुली घालून, घुंगरं वाजवत वेशीत. मी पाखऱ्याची शिंगं रंगवली, झूल घातली आणि एकट्याला घेऊन निघालो. वेशीत जोडीनंच जायचं असतं, एकट्या बैलाला कोण पुढं सोडणार? मागून आवाज आला, ओ मामा, जोडी करा की. म्हणून मी पाखऱ्याच्या डाव्या अंगाला, चिक्क्याच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. मला वाटलं लोकांना ते केविलवाणं वाटेल. लोकांना ते फार आवडलं. हलगीवाल्यानं खास माझ्यासाठी हलगी वाजवली, आणि धनगरवाड्यावरच्या शिवबाईनं आरती ओवाळताना पाखऱ्याला कुंकू लावलं आणि मलाही लावलं, आणि घासही दोघांना भरवला. मी तो खाल्ला. नाही म्हणून चाललं नसतं. त्याचा व्हिडिओ आहे, तुझ्यापर्यंत आला असेल. आला असेल तर तू हसला असशील, आणि हसला असशील तर बरं झालं.

पण पाखऱ्या त्या दिवशीही नैवेद्याच्या पुरणपोळीला तोंड लावेना. त्याच्यासमोर कडबा टाकला की तो पाला जरा उपसायचा आणि मग मान वळवून फळीकडं बघत राहायचा. मी फळी काढली. मग तो मोकळ्या जागेकडं बघत राहिला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, ताप बघितला, पोटाला कान लावला, तोंडात हात घातला, आणि म्हणाले याला काही झालेलं नाही, याला सोबत द्या. मी म्हणालो, औषध लिहून द्या. ते म्हणाले, हेच औषध. अशा डॉक्टरला काय बोलायचं?

त्याच सुमारास सिद्धप्पा भेटला. मी सहज म्हणालो, शिबिरात जेवणानंतर काय झालं रे? तर म्हणाला, बाईंनी महत्त्वाचं सगळं जेवणानंतरच सांगितलं. वर्षानुवर्षं एका गव्हाणीत खाणारी जनावरं एकदम वेगळी करू नका, त्यांची खायची रीत बिघडते, कुणी उपाशी राहतं, कुणी भीतीनं जास्त खातं, आणि तुमचं मोजमाप सगळं खोटं पडतं. मी त्याला विचारलं, मग एवढे दिवस बोलला का नाहीस? म्हणाला, तुमी इचारलं कुटं? तुमीच कट्ट्यावर सगळ्यास्नी शिकवत होता की! मी घरी येऊन गव्हाणीजवळ बसलो आणि मग मला दिसलं. पाखऱ्या कमी खात नव्हता, विरुपाक्ष. तो निवडून खात होता. पाला तेवढा त्याचा, कांड्या कधीच नाही. आणि एका गव्हाणीत असताना त्याच्या टाकलेल्या कांड्या चिक्क्या खायचा, म्हणून तर आपल्या गव्हाणीत कधी चघळ राहिलंच नाही. आपण दोघांनी ते रोज बघितलं आणि आपल्याला ते कधी दिसलं नाही. म्हणजे मला दिसलं नाही. तुला बहुतेक दिसलं होतं, म्हणून तू फळी चाचपलीस. मग तिथंच मला कानफटात का मारली नाहीस? मारायला हवी होतीस. मी उलटून बोललो असतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्याच दारात चहाला आलो असतो.

पुढं मी पाखऱ्यासाठी काय काय केलं ते ऐक, म्हणजे मी नुसता हात जोडून बसलो नव्हतो हे तुला कळेल. सोबत पाहिजे ना, म्हणून आरसा आणला. थोरल्याच्या लग्नातल्या कपाटाचं आरशाचं दार बिजागरीतून काढलं आणि गव्हाणीपलीकडं उभं केलं. पाखऱ्यानं पाहिलं, कान टवकारले, मला वाटलं जमलं. त्यानं समोरच्या बैलाला जागा सोडायला सांगितली, समोरच्यानं सोडली नाही, आणि मग त्यानं टक्कर दिली. सुनेनं अजून मला त्याबद्दल विचारलेलं नाही. ती केस विंचरायला प्रभुच्या दुकानाच्या काचेपुढं जाते, सगळ्या पेठेच्या देखत, एवढंच.

मग शिवबाईची शेळी आणून बांधली. धनगराची शेळी, तिला सोबतीशी काय करायचंय! ती गव्हाणीतच चढली, पाखऱ्याच्या नाकाखालचा पाला खाल्ला, त्याच्या झुलीचा गोंडा खाल्ला, आणि मी मोठ्या हौसेनं जपून ठेवलेलं शिबिराचं माहितीपत्रक खाल्लं. कार्यक्षमता बघायचीच होती तर तिची बघायला हवी होती. शिवबाई न्यायला आली तेव्हा म्हणाली, म्हाराज, तिचं वजन वाढलंया की लई, आणिक ठेवता का आठ दिस?

शेवटी जे जमलं ते मी तुला सांगतो, पण हे कट्ट्यावर बोलायचं नाही. एके दुपारी मी वैतागून जेवणाचं ताट घेऊन गोठ्यातच बसलो, चिक्क्याच्या जागेवर. ताटात शेंगाचटणी आणि कडक भाकरी. भाकरीचा तुकडा मोडला, चावला, आणि काय आवाज झाला असेल तो झाला, पाखऱ्यानं मान वळवली आणि कडब्यात तोंड घातलं. मी थांबलो, तो थांबला. मी चावलो, तो चावला. कडक भाकरीचा आवाज आणि कांडी चावल्याचा आवाज त्याला एकच वाटत असणार! त्या दिवसापासून दोन्ही वेळचं माझं पान गोठ्यात. शांतम्मा भाकऱ्या भाजून भाजून थकली, मी चावून चावून. बैलाला पोटभर होईपर्यंत मला खावं लागायचं, आणि बैलाचं पोट ते. पंधरवड्याच्या आत माझी खालची दाढ गेली. सोलापूरच्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंत? मी म्हणालो, सोबत दिली. त्यांना समजलं नाही आणि मी समजावून सांगितलं नाही, तोंडात बोळा होता.

तर दाढ गेली आणि आता मी दुधात भाकरी कुस्करून खातो. त्याला आवाज नाही. म्हणून हे पत्र. जोंधळ्याची पेरणी आठवड्या-दोन आठवड्यावर आली. तू चिक्क्याला घेऊन ये. मी तुझ्या बैलाला खादाड म्हणालो हे खरं आहे, चार लोकांत म्हणालो हेही खरं आहे, पण माझा हेतू वाईट नव्हता. (हेतू थोडा वाईट होता. मला शहाणा दिसायचं होतं.) तू म्हणशील तर मी कट्ट्यावर उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो की माझं मोजमाप चुकलं. बसूला मुद्दाम बोलावून सांगतो. तू म्हणशील तर शांतम्मालाही बोलावतो, तिला ते फार आवडेल. यापुढं आमच्या महिन्याचाच काय, तुझ्या महिन्याचाही कडबा माझा.

सिद्धेश्वरीला आशीर्वाद. तिच्या सासू-सासऱ्यांना शरणार्थी. श्रीशैलरावांना अंगण झाडून घ्यायला सांगावं.

तुझा (आपला, जे तुला पटेल ते)
महेश्वर

ता. क. येताना टेम्पो करू नकोस, गुडघ्याला धक्के बसतात. तू एस.टी.नं ये, चिक्क्यासाठी मी सिद्धप्पाची गाडी पाठवतो. वार कळव. फोन उचलायचा नसेल तर सिद्धेश्वरीकडून शांतम्माला कळव.

ता. क. दुसरा. सगळं पत्र लिहून झाल्यावर खोटं नको म्हणून सांगतो. पाखऱ्या आता खातो. गेल्या सोमवारी बसूनं त्याचा रेडा आमच्या गोठ्यात बांधला, त्याच्या गोठ्याचे पत्रे बदलायचेत म्हणून. तो रेडा कांड्या खातो. पाखऱ्या त्याच्याशेजारी असा बिनधास्त पाला ओढतोय, जणू जन्मापासून हीच जोडी. मला बैलाचा राग आला, शांतम्मा साक्षीला आहे. पेरणीचं म्हणशील तर बसूनं ट्रॅक्टरनं करून देतो म्हटलंय आणि मी हो म्हणून बसलोय. मग एवढं पत्र कशाला लिहिलं, असं तू विचारशील. विचारू नकोस. वर पुष्कळ कारणं लिहिली आहेत, त्यातलं तुला चालेल ते एक धर आणि ये. मात्र चिक्क्याला आण. नुसतं मला भेटायला आलास असं गावाला वाटायला नको, तुलाही बरं वाटणार नाही आणि मलाही.

(खालचं वेगळ्या अक्षरात, पेन्सिलीनं)

विरुपाक्ष अण्णांस शांतम्माचा नमस्कार. ह्यांनी पाकीट डकवायला माज्याकडं दिलंय म्हणून लिवते. सिद्धेश्वरीचा फोन आलता. चिक्क्या तुमी जेऊरच्या माणसाला दिला ते तिनं सांगितलं. माणूस चांगला हाय म्हणाली, जोडीला त्याचा एक बैल हाय म्हणाली. जावयाच्या दारात किती दिस बांधणार, मला कळतंय. त्यो गेल्यावर तुमी दोन दिस धड जेवला न्हाईत, ते बी सांगितलं तिनं. ह्यास्नी मी ह्यातलं काय बी सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर हे पत्र ह्यांनी लिवलंच नसतं, तुमाला या म्हणायला ह्यांच्याकडं दुसरं तोंड न्हाय. आता चिक्क्या न्हाय, मग जायचं कसं, असं तुमास्नी बी वाटत असंल. बैल कुटं हाय म्हणून हे इचारतील, एकदाच. मग मान खाली घालून बसतील, मला म्हायती हाय. त्यांच्याजवळ बसा जरा. गाडीची वाट बघू नका अण्णा, तुमी एकटंच या.